रोबेर्तो दोषी आहे की नाही, हे नाटककार का सांगत नाही?

प्रश्न

आरिएल डॉर्फमन यांच्या ‘डेथ अँड द मेडन’ या नाटकाचे अभिवाचन आम्ही काही जण करणार आहोत. तालमी सुरू होऊन बरेच दिवस झाले, संहिता जवळजवळ तोंडपाठ झाली, तरी एका प्रश्नापाशी आमची गाडी अडली आहे. तो इथल्या जाणकारांपुढे ठेवतो.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. दीर्घ हुकूमशाहीनंतर नुकतीच लोकशाही परतलेल्या एका देशात (तो बहुधा चिली असावा, असे नाटककार स्वतःच म्हणतो) समुद्रकाठच्या एका घरात पाउलीना सालास आणि तिचा वकील नवरा हेरार्दो राहतात. पंधरा वर्षांपूर्वी राजवटीच्या माणसांनी पाउलीनाला उचलून नेले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून तिचा छळ करण्यात आला, आणि कैदी मरू नये म्हणून तिथे नेमलेल्या डॉक्टरनेच तिच्यावर वारंवार बलात्कार केला. तो डॉक्टर त्या वेळी संगीतकार शूबर्टचे ‘डेथ अँड द मेडन’ हे स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) लावत असे. नाटकाचे नाव त्या रचनेवरूनच आले आहे. हेरार्दोची नेमणूक राजवटीच्या गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या आयोगावर होते, त्याच सुमारास रस्त्यात त्याच्या गाडीचे चाक पंक्चर होते आणि रोबेर्तो मिरांदा नावाचा एक भला डॉक्टर त्याला घरी आणून सोडतो. मध्यरात्री तो पुन्हा येतो, तेव्हा पाउलीना आतून त्याचा आवाज ऐकते आणि ओळखते. सकाळी हेरार्दो उठतो तेव्हा डॉक्टर खुर्चीला बांधलेला असतो आणि पाउलीनाच्या हातात पिस्तूल असते.

पुढे घरातच खटला चालतो, टेपरेकॉर्डरवर कबुलीजबाब घेतला जातो आणि तरीही शेवटपर्यंत रोबेर्तो खरोखर तोच माणूस होता का, आणि पाउलीनाने त्याला ठार केले का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नाटककार देत नाही.

माझी अडचण इथे आहे. छळ सोसून आलेल्या बायकांना ‘तुमचा काहीतरी गैरसमज झाला असेल’ हे वाक्य जन्मभर ऐकावे लागते. प्रेक्षकालाही तेच म्हणण्याची मुभा देऊन नाटककार पाउलीनावर आणखी एक अन्याय करत नाही का? आमच्यातला रोबेर्तो वाचणारा नट मला दर तालमीला विचारतो, ‘मी केले आहे की नाही?’ आणि माझ्याजवळ उत्तर नसते.

प्रतिसाद १

या प्रश्नाची सुरुवात रोबेर्तोपासून न करता हेरार्दोच्या नेमणुकीपासून करावी, असे मी सुचवेन. पहिल्याच प्रवेशात नवरा-बायकोच्या बोलण्यातून एक माहिती येऊन जाते आणि वाचताना ती सहज निसटते. हा आयोग फक्त अशाच प्रकरणांची चौकशी करणार असतो, ज्यांचा शेवट मृत्यूत झाला किंवा मृत्यू झाला असे मानायला जागा आहे. पाउलीना जिवंत आहे. म्हणजे ज्या आयोगावर नेमणूक झाल्याचा नवऱ्याला एवढा अभिमान वाटतो, त्या आयोगाच्या कागदांत तिच्या यातनांसाठी रकानाच नाही. त्यातही हेरार्दो राष्ट्राध्यक्षांना होकार देऊन बसलेला असतो आणि बायकोचे मत विचारण्याचा नुसता देखावा करतो. तिने खोदून विचारल्यावर तो खरे बोलतो.

हा रकाना नाटककाराच्या कल्पनेतला नाही. चिलीत ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोशेच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता बळकावली. १९७८ साली पिनोशेच्या राजवटीने एक हुकूम काढून उठावापासून मार्च १९७८ पर्यंतच्या गुन्ह्यांना सरसकट माफी दिली. ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात जनतेने पिनोशेला नकार दिला आणि ११ मार्च १९९० रोजी पात्रिसिओ आयल्विन अध्यक्ष झाले, परंतु पिनोशे स्वतः १९९८ पर्यंत लष्करप्रमुखपदी कायम होता. ज्याच्या राजवटीची चौकशी करायची, त्याच्याच हुकमतीखाली देशाचे सैन्य, अशा परिस्थितीत आयल्विन यांनी ‘शक्य तेवढा न्याय’ हे धोरण स्वीकारले. एप्रिल १९९० मध्ये राऊल रेतिग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्यात पिनोशेच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री राहिलेला एक इतिहासकारही होता. फेब्रुवारी १९९१ मध्ये सादर झालेल्या अहवालात २,२७९ बळींची नोंद झाली. मारणाऱ्यांची नावे अहवालात छापली गेली नाहीत, आणि छळ सोसून जिवंत राहिलेल्यांची व्यक्तिगत प्रकरणे आयोगाच्या कक्षेबाहेर राहिली.

४ मार्च १९९१ रोजी आयल्विन यांनी दूरचित्रवाणीवरून हा अहवाल देशापुढे ठेवला आणि राज्याच्या वतीने बळींच्या कुटुंबीयांची क्षमा मागितली, तेव्हा त्यांचा गळा दाटून आला होता. ते भाषण मी पाहिले आहे आणि त्यातल्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्याच महिन्यात सांतियागोमध्ये हे नाटक रंगमंचावर आले आणि तिथे त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये त्याच वर्षी जुलैत प्रयोग झाले तेव्हा ते जगभर पोहोचले. जखमेवर नुकतीच पट्टी बांधलेल्या समाजाला ती उचकटणारी पाउलीना नकोशी वाटली असणार, हे समजण्यासारखे आहे.

छळ सोसलेल्यांसाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला तो २००३ साली, आणि २००४ च्या त्याच्या पहिल्या अहवालात २७,००० हून अधिक लोकांना बळी म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे पाउलीनाला आणखी तेरा वर्षे थांबावे लागले असते, आणि तिथे दिलेली तिची जबानी कायद्याने पन्नास वर्षांसाठी कुलूपबंद झाली असती.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. रोबेर्तो दोषी आहे असे नाटककाराने निःसंदिग्धपणे सांगितले असते, तर राज्याने जो निवाडा देण्याचे टाळले, तो प्रेक्षकांना तिकिटाच्या पैशात मिळाला असता आणि ते समाधानाने घरी गेले असते. ते समाधान प्रत्यक्षातल्या कोणत्याही पाउलीनाला मिळालेले नव्हते, म्हणून ते प्रेक्षकालाही मिळू नये, असा नाटककाराचा आग्रह मला दिसतो.

प्रतिसाद २

इतिहास उत्तम मांडला आहे, पण निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. मी वकिली करतो, त्यामुळे माझे लक्ष त्या खोलीतल्या खटल्याकडे जास्त जाते.

पाउलीनाकडे पुरावा काय आहे? आवाज, बोलण्याची लकब, अंगाचा वास, कातडीचा स्पर्श आणि डॉक्टरच्या गाडीत सापडलेली शूबर्टची कॅसेट. डोळ्यांवर पट्टी असलेला माणूस दुसरे काय घेऊन येणार, हे मान्यच आहे, आणि चिलीतल्या गुप्त छळछावण्यांत पट्टी बांधण्यामागचा एक हेतू नेमका हाच होता की पुढे कोणी कोणाला ओळखू नये. तरीही पंधरा वर्षांनी केवळ आवाजावरून पटवलेली ओळख आणि पिस्तुलाच्या धाकाने मिळवलेला कबुलीजबाब यांच्या आधारे एखाद्याला दोषी धरायला मी धजणार नाही. बचावाचा वकील कोण, तर पीडितेचा नवरा. न्यायाधीश कोण, तर पीडिता. आरोपीच्या तोंडात बोळा कोंबलेला. तिच्याबाबत जे घडले त्याची ही प्रतिकृती आहे, हे तिला स्वतःलाही कळते.

म्हणून माझे म्हणणे असे की ही शंका म्हणजे पाउलीनावरचा अन्याय नव्हे. कायद्याच्या राज्यात आरोपीला जी शंका मिळते, तीच इथे रोबेर्तोला मिळाली आहे, आणि पाउलीनाला ती कोणीही दिली नव्हती. हा फरक प्रेक्षकाला बोचावा यासाठीच ती ठेवलेली आहे. रोबेर्तोचा अपराध पहिल्या अंकातच सिद्ध झाला असता, तर उरला असता फक्त शिक्षा किती, एवढाच हिशेब.

मात्र हे लिहिताना माझ्या व्यवसायाची एक मर्यादाही मला सांगितली पाहिजे. ‘तिने कोर्टात जायला हवे होते’ हे हेरार्दोचे म्हणणे ऐकायला बरे वाटते, पण तिने कोणत्या कोर्टात जायचे? आप्तांना हजर करा, अशा हजारो अर्जांना त्या काळातल्या न्यायालयांनी केराची टोपली दाखवली होती, आणि रेतिग आयोगाने त्याबद्दल न्यायसंस्थेवर उघड ठपका ठेवला. पुढे चिलीच्या न्यायालयांनीच माफीच्या हुकमातून वाट काढली. एखाद्याला पळवून नेले आणि त्याचा मृतदेह सापडलाच नाही, तर अपहरणाचा गुन्हा अजून संपलेला नाही, तो आजही चालूच आहे. मग मार्च १९७८ पर्यंतच्या गुन्ह्यांना दिलेली माफी त्याला लागू होणार कशी? या युक्तिवादावर १९९८-९९ पासून खटले उभे राहिले आणि अनेक अधिकारी तुरुंगात गेले. छळ सोसून जिवंत राहिलेल्यांना मात्र या वाटेचा उपयोग नव्हता, कारण ते परत आलेले होते. आयोग मेलेल्यांसाठी होता, आणि कायद्याची पळवाट न सापडलेल्यांसाठी.

पिनोशे १९९८ साली लंडनमध्ये पकडला गेला, २००० मध्ये प्रकृतीच्या कारणावरून परत पाठवला गेला आणि डिसेंबर २००६ मध्ये मरण पावला. शेवटपर्यंत एकाही खटल्यात तो दोषी ठरला नाही.

प्रतिसाद ३

रोमन पोलान्स्कीने १९९४ साली केलेला चित्रपट पाहावा. तिथे शेवटी कड्यावर रोबेर्तो अशा रीतीने कबूल होतो की शंका जवळपास उरतच नाही. धागाकर्त्याला हवे असलेले उत्तर तिथे आहे, पण ते मिळाल्यावर माझ्या मनातून नाटक लवकर विरले, हेही सांगतो.

प्रतिसाद ४

पाउलीनाची भूमिका मी एका हौशी प्रयोगात केली आहे, त्यामुळे थोडे आतून लिहिते.

वकील महोदयांनी कबुलीजबाब निरुपयोगी ठरवला, पण त्यातला एक तपशील त्यांच्या नजरेतून सुटला आहे. हेरार्दो ठरवतो की आधी पाउलीनाकडून सगळी हकिगत काढून घ्यायची आणि ती रोबेर्तोला पुरवायची, म्हणजे तिला हवा तसा जबाब तयार होईल आणि त्याचा जीव वाचेल. पाउलीनाला हे पुरते ठाऊक असते. ती नवऱ्याला हकिगत सांगताना छोट्या छोट्या चुका मुद्दाम पेरते, उदाहरणार्थ छळ करणाऱ्यांपैकी एकाचे टोपणनाव किंचित बदलून सांगते. रोबेर्तोच्या जबाबात ते नाव बरोबर येते. हा पुरावा कोर्टात टिकेल की नाही मला माहीत नाही, रोबेर्तोही तो नाकारतो, पण रंगमंचावर ते नाव उच्चारताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येत असे. तिचा न्याय तिने त्या एका शब्दात मांडून ठेवला होता.

याच जागी नाटककाराने आणखी एक गोष्ट केली आहे. पाउलीना टेपरेकॉर्डरसमोर आपली कहाणी सांगत असते, प्रकाश मंद होत जातो आणि अंधारात तिचे बोलणे चालू असतानाच त्याच्यावर रोबेर्तोचा आवाज चढतो. पीडितेच्या वाक्यातून कबुलीजबाब सुरू होतो. हा आवाज आपल्या आवाजावर येताना ऐकणे, ही त्या भूमिकेतली मला सर्वांत अवघड वाटलेली गोष्ट होती. ओरडण्याचे प्रसंग त्यामानाने सोपे होते.

सूडाबद्दलही एक सांगायचे आहे. पाउलीना नवऱ्याला सांगते की सुरुवातीला तिला डॉक्टरचे जसेच्या तसे हाल करावेत असे वाटत होते, आणि मग तिच्या लक्षात आले की तिला हवी आहे ती कबुली. त्याने बसून, स्वतःच्या अक्षरात, काय केले ते लिहावे आणि त्याखाली सही करावी. ज्या बाईचे नाव कोणत्याच कागदावर नाही, तिला कागद हवा असतो. जबाब मिळाल्यावरही तिचे समाधान होत नाही, कारण तो जबाब लिहून देताना त्याला पश्चात्ताप झालेला नसतो, आणि तो तिला कोणत्याही पिस्तुलाने मिळवता येत नाही. पिस्तूल पुन्हा उचलले जाते ते या क्षणी. मी तो प्रवेश सूडाच्या आवेशात करत नसे. सगळे मार्ग चाचपून झाल्यावर येणारा थकवा मला त्यात दिसे.

जाता जाता अभिवाचनासाठी एक व्यावहारिक प्रश्न: मराठीत पाउलीना त्याला ‘तुम्ही’ म्हणते की ‘तू’? आमच्या दिग्दर्शकांनी पहिल्यापासून ‘तू’ ठेवले होते आणि मला ते शेवटपर्यंत खटकत राहिले. सकाळी बांधलेल्या माणसाशी ती अतिशय सभ्यपणे, यजमानीण पाहुण्याशी बोलते तसे बोलते. स्वतःचे वैद्यकीय शिक्षण अर्धवट राहिल्याचेही ती त्याला सांगते. तिथे ‘अहो डॉक्टर’ असेच हवे. ती ‘तू’वर कधी येते, यावर तुमची सगळी वाचने उभी राहतील किंवा कोसळतील.

प्रतिसाद ५

दोन नाटके या चर्चेत यायला हवीत असे वाटते.

पहिले अर्जेंटिनातले, एदुआर्दो पाव्लोव्स्की यांचे ‘पोतेस्ताद’. १९८५ सालचे हे नाटक, म्हणजे ज्या वर्षी तिथे लष्करी सत्ताधीशांवर प्रत्यक्ष नागरी न्यायालयात खटला चालला त्याच वर्षीचे. एक मध्यमवयीन माणूस रंगमंचावर येतो आणि आपल्या मुलीला घेऊन गेले त्या दिवशी कोण कुठे बसले होते, बायकोने मान कशी वळवली होती, हे अगदी बारकाईने करून दाखवू लागतो. प्रेक्षक आधी हसतात, मग त्याच्या दुःखाने हळवे होतात. आणि मग उलगडते की तो राजवटीचा डॉक्टर होता. मारल्या गेलेल्या एका जोडप्याचा मृत्यू तपासायला त्याला बोलावले होते, आणि तिथे सापडलेले मूल त्याने स्वतःच्या घरी नेले होते. आज ते मूल त्याच्याकडून परत घेतले गेले आहे. पाव्लोव्स्की स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होते आणि ही भूमिका तेच करत. इथे दोषाबद्दल शंका नाही, आणि तरीही प्रेक्षक सुटत नाही, कारण त्याच्या डोळ्यांतले पाणी गुन्हेगारासाठी आधीच खर्च झालेले असते. प्रतिसाद १ मध्ये म्हटले आहे की दोष सिद्ध झाला की प्रेक्षक समाधानी होऊन घरी जातो; ‘पोतेस्ताद’ पाहिलेल्या कोणालाही ते पटणार नाही.

दुसरे ‘ऊबू अँड द ट्रुथ कमिशन’, दक्षिण आफ्रिकेतले, १९९७ सालचे. तिथल्या सत्यशोधन आयोगापुढे संपूर्ण खरे सांगणाऱ्या आणि कृत्यामागे राजकीय हेतू होता असे दाखवणाऱ्या गुन्हेगाराला माफी मिळू शकत होती. या नाटकात साक्षीदार लाकडी बाहुल्या आहेत, बाहुल्या हलवणारे कलाकार त्यांच्या शेजारी दिसत राहतात, आणि आयोगापुढच्या खऱ्या जबान्या त्या बाहुल्यांच्या तोंडून येतात. एक मगर आहे, जी पुराव्याचे कागद खाऊन टाकते. ज्याने खरोखर सोसले त्याच्या जागी नटाने उभे राहून रडावे का, या प्रश्नाचे मला आजवर दिसलेले सर्वांत सभ्य उत्तर म्हणजे त्या लाकडी बाहुल्या.

न्याय आणि सूड यांच्यामधली एक तिसरी जागा चिलीतल्या लोकांनी रस्त्यावरही शोधली. १९९९ पासून तिथे ‘फुना’ सुरू झाली. छळात सामील असलेला माणूस जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथे ढोल वाजवत, त्याचे फोटो आणि त्याने काय केले याची पत्रके घेऊन लोक जमत आणि शेजाऱ्यांना सांगत की तुमच्या इमारतीत कोण राहते. घोषणा होती, ‘न्याय नसेल, तर फुना आहे.’ पहिलीच फुना एका डॉक्टरच्या कामाच्या ठिकाणी झाली होती. पाउलीनाच्या बैठकीच्या खोलीत जे बंद दाराआड चालले होते, ते इथे भर रस्त्यात आले. त्यात कोणाच्या अंगाला हात लावायचा नसे. वकील महोदयांना यातही बचावाचा वकील दिसणार नाही, याची मला कल्पना आहे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४ वाचून काल आम्ही तालीम थांबवली आणि फक्त ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांवर दोन तास घालवले. शेवटी ठरले ते असे: पाउलीना सगळ्या नाटकभर ‘तुम्ही’च म्हणेल. फक्त टेपसमोर हकिगत सांगताना, त्या काळातल्या डॉक्टरचे बोलणे ती जेव्हा स्वतःच्या तोंडून उच्चारते, तेव्हा तो तिला ‘तू’ म्हणत असेल. पुढे रोबेर्तोचा आवाज त्याच ‘तू’वर चढेल. रोबेर्तो वाचणाऱ्या नटाला मी सांगितले की त्याने स्वतःपुरते उत्तर ठरवावे आणि ते मला सांगू नये. पाउलीना वाचणाऱ्या मुलीलाही नाही.

‘गैरसमज झाला असेल’ या वाक्याची भीती माझ्या मनातून पूर्ण गेलेली नाही. प्रतिसाद २ मधला युक्तिवाद मला पटतो, पण तो पटवून घेण्याची चैन माझ्यासारख्या माणसाला परवडते, पाउलीनाला नाही, एवढी नोंद करून ठेवतो.

आता शेवटची जागा. नाटकात पाउलीना पिस्तूल रोखून विचारते की यांच्यापैकी एकाला मारले तर आपले काय जाणार आहे, आणि दोघे तसेच गोठतात. मोत्सार्ट सुरू होते आणि त्यांच्यापुढे एक मोठा आरसा उतरतो, ज्यात प्रेक्षक स्वतःला पाहतात. मग मैफलीचा प्रवेश येतो. हेरार्दो आणि पाउलीना नटूनथटून बसलेले असतात, शूबर्ट सुरू होते, आणि रोबेर्तो आत येतो. तो खरा आहे की तिच्या मनातला, हे पुन्हा कळत नाही. दोघांची नजरानजर होते आणि ती मान समोर वळवते.

आमच्याकडे आरसा नाही. ओळीने ठेवलेल्या तीन खुर्च्या आणि संहिता एवढेच आहे. त्या जागी प्रेक्षागृहातले सगळे दिवे लावायचे, वाचन थांबवायचे आणि तिघांनीही कागदावरून नजर उचलून समोरच्या लोकांकडे पाहायचे, असे ठरते आहे. काल आम्ही तसे करून पाहिले. समोर आमचेच चार-पाच सहकारी बसलेले होते. पंधराव्या सेकंदाला एकाने मान खाली घातली. दिवे किती वेळ ठेवावेत, याबद्दल ज्यांनी हा प्रयोग केला आहे त्यांनी सांगितले तर फार मदत होईल.

प्रतिसाद ४ (पुढे)

आम्ही मोत्सार्टची पहिली सुरावट पूर्ण होईपर्यंत आरसा ठेवला होता. लोकांना फार वेळ वाटला, पण कमी करू नका.